बुचड्याचा काटा
उजाडताच कोचिंदा बीजिंगच्या परराष्ट्र कचेरीसमोर गुडघ्यांवर बसला. आत आज त्याच्या र्युक्यू राज्याची वाटणी ठरणार होती. उत्तरेची बेटे जपानला, दक्षिणेची चीनला. "वाटणी थांबवा, मला आत सोडा. मी र्युक्यूचा दूत," तो म्हणाला. पहारेकरी हसला. "दूत? कपाळ भादरलेलं, पाठीवर वेणी. लेका, तू तर माझा चुलतभाऊ शोभतोस! र्युक्यूवाले बुचडा बांधतात." जपानने राज्य बळकावल्यावर त्यांच्या पहाऱ्यातून निसटताना चिनी कोळी दिसावे म्हणून कोचिंदाने स्वतःच पुढचे केस भादरून वेणी घातली होती. बाहीतून त्याने बुचड्याचा चांदीचा काटा काढला, वेणी डोक्यावर गुंडाळली आणि काटा खोचला. भादरलेल्या टाळूवरून वेणी घसरली, काटा फरशीवर वाजला. पुन्हा खोचला. पुन्हा वाजला. "दादा, थोडं थांबा ना, केस वाढतील!" कोचिंदा म्हणाला. पहारेकऱ्याने त्याला बाजूला ओढले. जपानी राजदूताची पालखी आत गेली. दुपारपर्यंत ती परतलेली नव्हती; आत वाटणीची बोलणी चालूच होती.