वर्लिनच्या ट्रॅक्टरचा रंग

"आत ये, पण हात लावू नकोस," वर्लिन म्हणाला. "अजून पुरता सुकलेला नाही."

गॉर्डी गॅरेजच्या दारातच थबकला. बागकामाचा तो छोटा जुना ट्रॅक्टर आज पहिल्यांदाच पुरा जोडून उभा होता. वसंतात वर्लिननं त्याचा नट न् नट सुटा केला होता. गंज घासला, पोचे ठोकून काढले, पॉलिशपेपरनं बोटं सोलून घेतली. आता बॉनेटवर कुठे ओघळ नव्हता की धुळीचा कण नव्हता. असं काम गॉर्डीनं उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं.

आणि ट्रॅक्टर हिरवागार होता.

"कसा आलाय रंग?" वर्लिननं विचारलं.

त्या गावात ट्रॅक्टरच्या दोन कंपन्यांच्या रंगांवरून लाल ट्रॅक्टरवाले आणि हिरवे ट्रॅक्टरवाले अशी दोन घराणी मानली जात. माणसानं चर्च बदललं तर चालायचं, ट्रॅक्टरचा रंग नाही. वर्लिन टोस्ट्रड तीन पिढ्यांचा लाल. गॉर्डी हिरवा. वीस वर्षांपूर्वी तो शेजारी राहायला आला, तेव्हापासून कुंपणावरून दोघांची रोजची खडाजंगी चाले. हा छोटा ट्रॅक्टर ज्या कारखान्यातला, तो कधीच बंद पडला होता. दुकानदार मागेल त्या रंगात कारखानेवाले ट्रॅक्टर रंगवून द्यायचे. गॉर्डीनं मात्र तो कायम लालच पाहिला होता.

वर्लिनला लाल आणि हिरवा सारखेच दिसत. टोमॅटो पिकला का, हेही तो दाबून बघायचा. बाकी सगळं बायको सांगायची. सदरा कुठला, चेरी कुठल्या, रंगाच्या डब्यात काय. पण आर्लिस आता वृद्धाश्रमात होती आणि ईस्टरपासून तिनं नवऱ्याला ओळखलं नव्हतं. शनिवारी जत्रेची मिरवणूक वृद्धाश्रमाच्या व्हरांड्यासमोरून जाणार होती. तिनं या ट्रॅक्टरकडे बघून एकदा ओळखीचं हसावं, एवढ्यासाठी म्हातारा राबत होता. तसं तो सगळ्यांना सांगतही होता.

फळीवर एकसारखे, बिननावाचे दोन डबे होते. लाल रंगाचा डबा तसाच भरलेला, हिरव्याचा रिकामा. हिरवा कुंपणासाठी आणला असेल, गॉर्डीनं ताडलं, आणि हातून अदलाबदल झाली. हे सांगायचं कुणी? त्यातून आपण हिरव्यातले. खिजवतोय असंच वाटायचं.

"अरे, बोल की. दातखीळ बसली?"

"काय बोलणार," गॉर्डी म्हणाला. "लाल असावा तर असा."

वर्लिनच्या हातातलं फडकं थांबलं. "लाल?"

"लालबुंद. तुम्हा लालवाल्यांचं कौतुक करायची पाळी आली बघ माझ्यावर."

"नक्की?"

"आता लेखी देऊ का?"

वर्लिन खाली बसला आणि बराच वेळ ट्रॅक्टरकडे बघत राहिला. कौतुकानं म्हाताऱ्याला भरून आलं, असं गॉर्डीला वाटलं. त्याचेही डोळे ओलावले.

तिथून तो थेट कॉफीच्या दुकानात गेला. "कुणी एक अक्षर काढायचं नाही," त्यानं तंबी दिली. "आर्लिसला आता रंगाचं काय कळतंय? आणि त्या कामाला बोट ठेवायला जागा नाही. शनिवारी कुणी हसलं तर गाठ माझ्याशी आहे."

"जन्मभर हिरव्यांना शिव्या घातल्या त्यानं," एकजण पुटपुटला. पण हसलं कुणीच नाही. वर्लिनबद्दल गावाला माया होती.

संध्याकाळी चर्चचं स्वयंपाकघर सांभाळणारी ग्रेचेन त्याच्याकडे भट्टीत भाजलेला बटाट्याचा हॉटडिश घेऊन गेली. तिनंही लाल रंगाची तोंड भरून तारीफ केली. दुसऱ्या दिवशी पाद्रीबाबा गेले. खोटं बोलायचं त्यांच्या जिवावर आलं, पण बोलले. वर्लिननं दोघांनाही विचारलं, "नक्की ना?" आणि दोघांनीही छातीवर हात ठेवला.

नंतर गॅरेजचं दार बंद झालं. आतून रंग फवारायच्या कॉम्प्रेसरची घरघर ऐकू यायची.

"शेवटचा हात मारतोय," ग्रेचेन म्हणाली.

"चिकाटी बघ म्हाताऱ्याची," गॉर्डी म्हणाला. त्याला खरोखर अभिमान वाटत होता.

शनिवारी सकाळी गॉर्डी ट्रॅक्टर बाहेर ढकलायला मदत करायला गेला. वर्लिननं पांढरा सदरा घातला होता, दाढी घोटली होती. दोघांनी दार वर सरकवलं. ऊन आत आलं.

ट्रॅक्टर लाल होता. पिकल्या चेरीसारखा लाल, आधीपेक्षाही देखणा.

गॉर्डीनं सुटकेचा श्वास सोडला. आपल्याला जे जमलं नाही, ते कुणीतरी धीर करून केलं होतं. "कुणी सांगितलं रे तुला?"

"तूच की," वर्लिन म्हणाला. "मग ग्रेचेननं, मग पाद्रीबाबांनी. तुम्ही सगळेच लाल म्हणालात, तेव्हा कळलं की मी डब्यांचा घोळ घातला. नशीब वेळेत बोललात." तो सावकाश सीटवर चढला. "हा आर्लिसच्या बापाचा ट्रॅक्टर. त्याच्याकडे हिरवा होता. बापाच्या मांडीवर बसून ती यावर हिंडायची. बाप गेल्यावर हा माझ्या दारात आला आणि मी आठवड्यात लाल करून टाकला. एका शब्दानं बोलली नाही ती. आता मी तिला आठवत नाही, पण रोज विचारते, बाबांचा हिरवा ट्रॅक्टर कुठे नेलात म्हणून."

खाली रस्त्यावर बँड वाजायला लागला. वर्लिननं टोपी नीट केली, किल्ली फिरवली आणि गॉर्डीकडे वळून बघितलं.

"दुसऱ्या डब्यातला सगळा रंग लावलाय. आता झालाय ना हिरवा?"