बाराचा ठोका

साठ बाकांच्या हॉलमध्ये प्रसेनजीत एकटाच पेपर लिहीत होता. विषय मल्टिव्हेरिएबल कॅल्क्युलस, अभ्यासक्रम जुना, संधी शेवटची. बाकीची पोरं कधीच सुटली होती. जुन्या अभ्यासक्रमात विद्यापीठाला हा एवढा एकच विद्यार्थी शिल्लक होता. तरी फळ्यावर नियमाप्रमाणं लिहिलेलं होतं: एकूण एक, हजर एक, गैरहजर शून्य. खाली सूचना: शेजाऱ्याशी बोलू नये.

पर्यवेक्षक म्हणून रूपाली होती. पूर्वी ती याच हॉलमध्ये त्याच्या पुढच्या बाकावर बसायची. ती पास होत होत तासिका तत्त्वावर प्राध्यापक झाली. तो या एका विषयात नापास होत होत जागेवरच राहिला.

त्याचे वडील आकाराम, म्हणजे आबा, याच कॉलेजात शिपाई होते. दिवाळीच्या आधी नोकरीतच गेले. संस्थेनं घरातल्या एकाला जागा देऊ केली. पोरगा पदवीधर झाला तर कारकून, नाही झाला तर वडिलांचीच जागा. "दोन्हीकडनं सोय हाय बघा," असं आईला सांगून साहेबांनी चहा पाजला होता.

शेवटचं गणित सात गुणांचं. दुहेरी इंटिग्रेशनचा क्रम बदलायचा, बाहेरचं आत आणि आतलं बाहेर. प्रत्येक वेळी तो इथंच आपटला होता. आबांना त्यातलं अक्षर कळत नव्हतं, पण तीस वर्षं त्यांनी फळे पुसले होते. "सर आधी चित्र काढत्यात, मग गणिताला हात लावत्यात," ते म्हणाले होते. "तू चित्राबगर घुसतोस."

आज त्यानं आधी चित्र काढलं. त्रिकोण निघाला. त्रिकोणात आडव्या रेघा मारल्या, आणि सहा वेळा न हललेलं गणित मुकाट्यानं जागचं हललं. आतलं इंटिग्रेशन झालं. बाहेरचं राहिलं. तीन ओळी. त्या झाल्या की पास, नाही झाल्या तर देव जाणे.

तेवढ्यात कसबा बावड्याकडनं साखर कारखान्याचा भोंगा झाला. बारा.

त्याचं पेन थांबलं. आता पेपर संपल्याची व्हरांड्यातली घंटा वाजणार. पण घंटा वाजली नाही.

हॉलमधलं घड्याळ माजी विद्यार्थ्यांनी भेट दिलेलं, त्यामुळं बंद होतं. प्रसेनजीतनं दाराबाहेर बघितलं. ज्ञानूतात्या, आबांच्या जोडीचे शिपाई, हातात लाकडी मोगरी धरून घंटेच्या पितळी थाळीजवळ उभे होते आणि समोरच्या नोटीस बोर्डावरची गेल्या वर्षीची नोटीस मन लावून वाचत होते. त्यांना चष्म्याशिवाय वाचता येत नाही, आणि चष्मा खिशात होता.

"मॅडम, बारा झाले."

रूपाली फळ्याचा पुसलेला कोपरा पुन्हा पुसत होती. "घंटा झालेली नाही. लिहा."

"रूपा, भोंगा झाला की."

"घंटेशिवाय पेपर घेता येत न्हाय मला. नियम हाय." तिनं मागं वळून बघितलं नाही. "लिही गप."

त्यानं त्या तीन ओळींच्या कोऱ्या जागेकडं बघितलं. पहिल्या वेळेला, याच पेपरला, हॉलमध्ये साठ पोरं होती. तो असाच अर्ध्या ओळीवर होता आणि आबा दारातनं त्याच्याकडंच बघत होते. बघत बघतच त्यांनी ठोका टाकला. तीन ठोके, आणि लगेच थाळीवर तळहात. ठोक्याच्या घुमण्यात पोरं दोन ओळी जास्त लिहितात, असं त्यांचं निरीक्षण होतं. म्हणून ते घुमूच देत नसत. प्रसेनजीत दोन गुणांनी गेला. घरी आईनं विचारलं, तर म्हणाले, "बाकीच्या पोरांनी काय घोडं मारलंय माझं?"

त्यानं पेनला टोपण घातलं. उत्तरपत्रिका पालथी ठेवली आणि व्हरांड्यात आला.

"तात्या, बारा झाले."

"माझं घड्याळ मागं हाय."

"आणि भोंगा?"

"कारखान्याचं काय खरं न्हाय." मग ज्ञानूतात्यांनी आवाज खाली घेतला. "लेका, जा की आत. लिवायचं राहिलंय तुजं, हितनं दिसतंय मला. पाच मिनटानं कुणाचं काय जातंय?"

"आबांनी दिली असती?"

"तवा साठ पोरं हुती. आता बघ आत. हाय का दुसरं कोण?"

प्रसेनजीतनं वळून बघितलं. साठ बाकं. एकावर पालथी उत्तरपत्रिका, तिच्यावर वाऱ्यानं उडू नये म्हणून ठेवलेलं पेन. दुसरं कोणी नव्हतं.

त्यानं हात पुढं केला.

तात्यांनी मोगरी दिली. ती मुठीपाशी आबांच्या बोटांनी झिजून गुळगुळीत झाली होती, आणि आबांचा हात मोठा होता. त्याची बोटं त्या खाचांत सैल बसली.

पहिला ठोका पडला तशी आत रूपालीनं डस्टर खाली ठेवलं. दुसरा पडला. तिसऱ्यानंतर थाळी घुमू लागली, आणि प्रसेनजीतनं तिच्यावर तळहात ठेवला. पितळ उन्हानं तापलेलं होतं. आवाज पुरता थांबेपर्यंत त्यानं हात काढला नाही.