संचालकांची थुंकी

ज्याच्या थुंकीत नेतृत्वाचं जनुक सापडेल त्यालाच संचालकाची खुर्ची, हा कंपनीचा नियम शर्वरी गुप्ते यांनी स्वतःच केला होता. आज जुने नमुने नव्या यंत्रावर तपासून त्यांना संचालक बर्व्यांचा काटा काढायचा होता.

"बर्वे, तुमच्या नावावरची थुंकी बाईची निघाली. चालते व्हा!"

बर्वे जागचे हलले नाहीत. "अहवालाचं पुढचं पान वाचा, मॅडम. तुमचीही त्याच बाईची आहे."

उरलेल्या तिघा संचालकांनी माना खाली घातल्या. शर्वरीबाईंनी पान उलटलं आणि अहवाल घाईनं मिटला.

तेवढ्यात कंपनीत चहा देणाऱ्या हौसाबाई दार ढकलून आत आल्या. त्यांनी ट्रे ठेवला आणि पाचही पडलेले चेहरे निरखून पाहिले.

"बोला, आज कुणाच्या नावानं थुंकू?"