मायसाठी चार शब्द

माईक पंजाबरावांच्या हातात होता आणि तोंडातून शब्द निघत नव्हता.

दिग्रसच्या मोक्षधामात लोक शेडखाली बसले होते. समोर त्यांच्या मायची, शकुबाईची चिता पेटली होती. आग मोठ्या भावानं, गोविंदानं दिली. आता शोकसभा. इकडची रीतच आहे ती. चिता पेटली की कोणीतरी उठतं आणि गेलेल्या माणसाबद्दल चार शब्द बोलतं. कितीतरी वर्षांपासून हे कोणीतरी म्हणजे पंजाबरावच. मयत कोणाचीही असो, माईक त्यांच्याकडे. आवाज खणखणीत, चेहरा सुतकी, आणि भाषण तर विचारूच नका. ऐकणाऱ्याला वाटावं, आपणही आजच मरून घ्यावं, इतकं गोड बोलतो हा माणूस.

आणि आज तर सख्खी माय. कापसाचे अडते बबनराव माईक देताना म्हणालेही, की आज तुमचं आयुष्यातलं सगळ्यात मोठं भाषण होणार. लोक मांड्या सावरून बसले.

"आदरणीय," पंजाबराव म्हणाले आणि थांबले.

पुढचा शब्द देवमाणूस होता. पण तो त्यांनी मागच्या एका मयतीत रामधनला देऊन टाकला होता, सख्ख्या भावाचं वावर लाटलेल्या रामधनला. माऊली दिला होता एका अशा सासूला, जिनं सुनेला कधी पोटभर जेवू दिलं नाही. न भरून येणारी पोकळी तर गावात इतक्या जागी करून ठेवली होती, की चालायची सोय राहिली नव्हती. दिलदार, कष्टाळू, सगळ्यांना धरून चालणारा, सगळं वाटून झालं होतं. जो शब्द उचलावा, तो कोणाच्या ना कोणाच्या तोंडचा उष्टा. मायच्या ताटात उष्टं कसं वाढायचं?

शकुबाईला हे आधीच कळलं होतं. बाया घाटावर येत नाहीत, त्यामुळे पंजाबराव मयतीहून येऊन आंघोळ करून बसले की ती विचारायची, आज काय बोलला. ते सांगायचे. रामधनच्या वेळी तर ती तोंडात पदर कोंबून हसली. हसून हसून डोळ्यांत पाणी आलं. मग म्हणाली, "सारे चांगले शब्द त्याइलेच वाटून राह्यला बाप्पा. माह्यासाठी एखादा ठेवजो."

त्यांनी ठेवला नव्हता.

मग त्यांना वाटलं, जाऊ द्या ते शब्द. माय जशी होती तशी सांगू. पण नव्वदीची बाई, धरायची कुठून? कापसाच्या जिनिंग कारखान्यात रुई वेचता वेचता तिनं दोन लेकरं मोठी केली. नवऱ्यानं दुसरी आणून घरात बसवली, तेव्हा गल्ली ऐकेल अशा शिव्या दिल्या. तीच सवत पुढे अंथरुणाला खिळली, तर तिचं हागणं-मुतणं शेवटपर्यंत हिनंच काढलं. शिव्या देत देतच काढलं. सवत गेली, तेव्हा दोन दिवस जेवली नाही, आणि का जेवत नाही म्हणून विचारणाऱ्यालाही शिव्या. एसटी म्हाताऱ्यांना फुकट झाली, तेव्हापासून तर तिचा पाय घरात ठरेना. आज यवतमाळ, उद्या पुसद. काम काहीच नाही. खिडकीशी बसायचं, शेजारच्या बाईची अख्खी वंशावळ काढायची आणि संध्याकाळच्या गाडीनं परत. पंजाबराव चिडले की म्हणे, फुकट हाय तं घरी कायले बसू?

आता यातलं माईकवर काय सांगणार? सवतीचं काढावं, तर मेलेल्या बापाची अब्रू जाते. एसटीचं सांगावं, तर लोक खिदळतील. शिव्या तर सांगायची सोयच नाही, आणि शिव्या गाळल्या तर ती माय राहतच नाही.

शेडमध्ये कोणीतरी खोकलं. बबनरावांनी मान हलवून खूण केली, बोला, बोला.

पंजाबरावांना बोलायचं नव्हतं. त्यांना तिथंच मातीत लोळण घ्यावीशी वाटत होती. लहान पोरासारखं माय वं, माय वं करून बोंबलावंसं वाटत होतं. पण हातात माईक होता, आणि माईक हातात असला की रडायचं नाही, हे इतक्या वर्षांत अंगात मुरलं होतं. बोलणंही येईना आणि रडणंही येईना. साठीला आलेला माणूस, साऱ्या गावाला रडवणारा, आपल्याच मायच्या चितेपुढे तोंड उघडून नुसता उभा राहिला.

शेवटी त्यांनी माईक बबनरावांच्या हातात परत दिला.

बबनराव गोंधळले. काय करावं ते सुचेना, म्हणून त्यांनी सरळ दोन मिनिटं मौन सांगून टाकलं. लोक उठले, खाली माना घालून उभे राहिले. मग चपला शोधत नळाकडे निघाले.

पंजाबराव सगळ्यांच्या मागून चालत होते. मन जड होतं, पण एका गोष्टीचं बरं वाटत होतं. रामधनला दिलेलं त्यांनी मायला दिलं नव्हतं. तिच्यापुरते तरी ते खोटं बोलले नव्हते. तिला हे समजलं असतं. तिनं चार शिव्या दिल्या असत्या, पण समजलं असतं.

नळावर दोघं जण पाठमोरे उभे राहून पाय धूत होते. मागे कोण आहे, हे त्यांना दिसलं नव्हतं. त्यातला एक पायांवर पाणी घेत दुसऱ्याला म्हणाला,

"म्हातारीनं लय छळलं असन गा त्याले. नाहीतर पंजाबराव अन् चूप?"