समोर बसून

स्वयंपाकघरात झाकण पडलं. फरशीवर गरगर फिरलं, फिरत राहिलं आणि एकदाचं थांबलं. दुपारची शांतता मोडली. पलंगावरची चार वर्षांची ओवी दचकून कुशीवर वळली. दिपालीनं श्वास रोखून तिला थोपटलं. लेक झोपली तरच पुस्तक उघडता येणार होतं.

तिनं अंगणाकडे पाहिलं. सासूबाई, मनकर्णाबाई, दाराकडे पाठ करून मेथी निवडत होत्या. त्यांनी मानसुद्धा वळवली नाही.

हेच दिपालीला लागायचं. रागावल्या असत्या तरी बरं वाटलं असतं.

लग्न होऊन सिंदीला आल्यापासून हे असंच होतं. पाठवणीच्या वेळी माहेरी, अल्लीपूरला, आईनं बजावलं होतं, "सासूच्या डोयाले डोया देऊन बोलू नोको. मागं उभी राहून हळूच इचारजो." दिपालीनं ते पाळलं. दाराशी उभी राहून, खाली बघत, हलक्या आवाजात ती सासूबाईंना विचारायची, आत्याबाई, भाजीत मीठ पडलं का? उत्तर यायचं नाही. मग कधी भाजी अळणी राहायची, कधी दोघींचंही मीठ पडायचं. नवरा हेमराज पाणी पीत पीत म्हणायचा, दोघी मिळून मारता काय मले?

हेमराजचं किराणा दुकान होतं. गिऱ्हाइकांना हाका मारून मारून त्याचा आवाज असा झाला होता, की घरातलं बोलणं गल्लीच्या टोकाला ऐकू जावं. त्याला मात्र आत्याबाई लगेच उत्तर द्यायच्या. लेकाशी बोलतात, आपल्याशी नाही, एवढंच दिपालीला दिसायचं. आई पहिलेपासूनच कमी बोलते, असं हेमराज म्हणायचा. शेजारच्या शोभाबाई म्हणायच्या, मानी बाई आहे, दोनदा हाक मारल्याशिवाय ओ देत नाही.

दिपाली वर्ध्याच्या कॉलेजात समाजकार्याच्या शेवटच्या वर्षात शिकत होती. कॉलेज आठवड्यातून दोनच दिवस असायचं, तेवढ्यापुरती ओवी शोभाबाईंकडे राहायची. पुढच्या महिन्यापासून सेवाग्रामच्या दवाखान्यात, रुग्णांच्या घरच्यांशी बोलायचं काम शिकायला जायचं होतं. तिथं मात्र रोज सकाळच्या गाडीनं जायचं, संध्याकाळी यायचं. ओवीला आत्याबाईंनी सांभाळलं नाही, तर शिक्षण इथंच थांबणार होतं. तिनं दोनदा विचारून पाहिलं होतं, मागून चहाचा कप ठेवता ठेवता. दोन्ही वेळा आत्याबाईंनी नुसता कप उचलला. त्यांची नाही म्हणायची हीच रीत असेल, असं तिनं धरलं.

त्याच आठवड्यात कॉलेजात छाया मॅडमनी संवादाचा धडा शिकवला. ज्याच्याशी तुमचं जमत नाही असा घरातला एक माणूस निवडा, त्या म्हणाल्या. त्याच्या समोर बसा, उजेडात. चेहऱ्याकडे पाहून, सावकाश, शब्द सुटे करून बोला. मग गप्प राहा आणि ऐका. काय शिकलात ते लिहून आणा.

दुसऱ्या दिवशी दिपाली अंगणात गेली आणि मेथीची एक जुडी घेऊन आत्याबाईंच्या अगदी समोर बसली. आईचं बजावणं आठवलं, तरी तिनं मान वर केली.

"आत्याबाई, तुमचं माहेर कसं होतं?"

आत्याबाई तिच्या तोंडाकडे पाहत राहिल्या. मग सांगू लागल्या. धाकटा भाऊ तानबा एकदा कापसाच्या ढिगात झोपून गेला आणि सगळं गाव त्याला विहिरीत शोधत बसलं. सांगताना त्या स्वतःच इतक्या हसल्या, की पदरानं डोळे पुसावे लागले. दिपालीनं त्यांचे दात पहिल्यांदा नीट पाहिले.

मग हे रोजचंच झालं. मेथी, वाल, तूर, जे असेल ते दोघींच्या मध्ये आणि त्यावरून गप्पा. एका संध्याकाळी बोलता बोलता लाईट गेली. दिपालीनं अंधारातच पुढचं विचारलं, पण आत्याबाई बोलल्या नाहीत. आठवणीनं गळा दाटला असेल, असं तिला वाटलं. शांततेचाही मान ठेवावा, हे मॅडमनी शिकवलंच होतं. तीही गप्प बसली.

शेवटी तिनं धीर केला. समोर बसून, एकेक शब्द सुटा करून विचारलं, "मी सेवाग्रामले गेली त ओवीले सांभाळान काय?"

आत्याबाईंनी तुरीची शेंग खाली ठेवली.

"सांभाळतो न मी. माह्या नातीले मी नाई त कोन सांभाळन?" आणि मग जरा फुरंगटून म्हणाल्या, "पन तू पहिले काऊन नाई इचारलं? मले वाटे, पोरीले माह्यावर भरोसाच नाई."

दिपालीला हसूही आलं आणि रडूही. दोनदा विचारलं होतं, हे तिनं सांगितलं नाही. म्हातारीनं इतक्या मायेनं मारलेली थाप कशाला उघडी पाडायची?

सेवाग्रामचा पहिला दिवस छान गेला. ती परतली तेव्हा ओवीच्या दोन वेण्या घट्ट घातलेल्या होत्या आणि तिच्या गालाला गूळ लागला होता. आत्याबाई अंगणात, दाराकडे पाठ करून, वाल सोलत होत्या. दिपालीनं तिथंच दारात बसून कॉलेजसाठीचं लिखाण पुरं करायला घेतलं. शेवटी लिहिलं, 'माझ्या सासूबाई बदलल्या नाहीत. मी समोर बसायला शिकले.' वाक्य तिला आवडलं. तिनं ते पुन्हा वाचलं.

ओवी मांडीवर येऊन बसली.

"आजीनं त्रास तर नाई देला न तुले?" दिपालीनं गमतीनं विचारलं.

"नाई. पन आजीले मागून हाक मारली की ते येतच नाई. म्या किती हाका मारल्या. समोर जाऊनच बोला लागते."

दिपालीचा पेन थांबला. अंगणात वालाच्या शेंगा कटकट मोडत होत्या. तिनं त्या पाठीकडे पाहून हलक्या आवाजात, रोजच्यासारखी हाक मारली, "आत्याबाई." आणि मग जरा मोठ्यानं, "आत्याबाई."

ओवीनं आईची हनुवटी धरून तिचं तोंड आपल्याकडे वळवलं.

"आई, आजी डोयानं काऊन आयकते?"