कावळ्याचा घास

"गिऱ्हाइकाला तुझी भाषा कळू देऊ नकोस. कानानं कमव, तोंडानं घालवू नकोस." हरवलेली माणसं शोधायचं काम शिकवताना उस्मानचाचांनी रहिमतुल्लाला पहिली गोष्ट सांगितली ती ही.

बहरीनच्या माहूज भागातल्या एका फ्लॅटमध्ये आज दुपारीही तो ती पाळूनच बसला होता. रहिमतुल्ला मुरुडचा सिद्दी. पणज्याचा पणजा कधीतरी आफ्रिकेतून कोकणात आला. रंग आणि केस तेवढे त्या मुलखाचे राहिले, बाकी माणूस सगळा रायगडचा. सनाबिसमधला पाववाला अरब, मल्याळी चहावाला, नेपाळी पहारेकरी, सगळे त्याचे डोळे होते. पण नवी माणसं त्याला सुदानी समजत. तो कुणाची समजूत मोडत नसे. त्याच्यासमोर लोक मराठीत खुशाल बोलत आणि त्याचं अर्धं काम तिथंच होई.

वडील सकाळपासून घरात नाहीत, असं आजच्या गिऱ्हाइकानं, जयप्रकाशनं, हिंदीत सांगितलं. आबा अठ्ठ्याहत्तरचे. डोकं चालत नाही आता, भात खिशात भरून घेतात, हल्ली काही म्हणजे काही कळत नाही. मग बायकोकडे वळून तो मराठीत म्हणाला, की सापडले तर परवाच्या विमानानं न्यायचंच. पुण्याच्या वृद्धाश्रमात खोली ठरली आहे, आबांना तिथं पोचल्यावर सांगू. स्मितानं ओढणीनं डोळे टिपले, पण नको म्हणाली नाही. रहिमतुल्लाच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. त्यानं फोटो तेवढा मागून घेतला.

घरच्यांनी मॉल पाहिले होते, दवाखाने पाहिले होते. रहिमतुल्लानं लिफ्टमध्ये सांडलेली शितं पाहिली. खाली गाड्या धुणाऱ्या ताहिरला विचारलं, तर तो हसला. हे चाचा रोज येऊन कावळा कुठं मिळेल म्हणून विचारतात, आणि इथं तर नुसती कबुतरं. आज त्यानंच त्यांना तुबलीच्या टॅक्सीत बसवून दिलं होतं. तिथं गॅरेजांच्या मागे, खाडीवर, कावळेच कावळे.

खाडीच्या कडेला एका जुन्या टायरवर आबा बसले होते. समोर कागदी ताटलीत वरणभात, वर तुळशीचं पान. दहा हातांवर एक कावळा, मान वाकडी करून. रहिमतुल्लानं पाण्याची बाटली पुढे केली आणि नकळत बोलून गेला, "आबा, आधी पाणी घ्या."

आबांनी त्याला नीट न्याहाळलं. "मुरुडचा काय रे तू? सिद्दी?"

बहरीनमधल्या तेवीस वर्षांत असं कुणी त्याला ओळखलं नव्हतं. तो शेजारी खालीच बसला.

आज आबांच्या बायकोचं वर्षश्राद्ध होतं. जयप्रकाशला तिथी आठवली नाही. व्याप फार असतो त्याला, आबा म्हणाले. सकाळपासून कावळा घासाला शिवत नव्हता. गेलेल्या माणसाचा जीव कशात तरी अडकला की तो शिवत नाही, मग ते पुरं करीन असं कबूल करावं लागतं. आबांनी सगळं कबूल करून पाहिलं होतं. गोळ्या वेळेवर घेईन म्हटलं. नातीला, स्पृहाला, जपेन म्हटलं. शेवटी म्हटलं, आश्रमात मुकाट्यानं जाईन, पोरावर रागावणार नाही. तेव्हा तर तो दोन पावलं मागेच सरकला.

रहिमतुल्ला चमकला. "आश्रमाचं ठाऊक आहे तुम्हाला?"

"माझ्यासमोरच तर बोलतात," आबा शांतपणे म्हणाले. "म्हाताऱ्याला काय कळतंय."

रहिमतुल्ला उठला. डोक्यावरची टोपी सारखी केली. मुरुडला शेजारच्या अंगणात हे कबूल करणं त्यानं लहानपणी कितीदा पाहिलं होतं. तो कावळ्यासमोर उभा राहिला.

"काकी," तो हळू आवाजात म्हणाला, "तुमच्या लेकाशी मी आज मराठीत बोलेन."

त्यानं आबांचा हात धरला आणि दोघे गाडीकडे चालू लागले. घास ठेवून निघाल्यावर मागे वळून बघायचं नसतं, हे दोघांनाही ठाऊक होतं.