तीन बॉम्ब आणि एक बाथरूम

उद्या निर्माता सिनेमाचा एक सीन बघून होय की नाही ते सांगणार होता, म्हणून सुमेधनं तो आज आत्याला दाखवला. मोबाईलवर सस्पेन्सचे एकशे बारा व्हिडिओ बघून दिग्दर्शक झालेल्या या पठ्ठ्यानं मुख्यमंत्र्याच्या केबिनमध्ये तीन बॉम्ब ठेवले होते. संगीत तर असं दणदणीत की शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं.

आत्यानं जांभई दिली.

"अगं आत्या, सरकार पडायला आलंय!"

"माझी सरपंचकी गेली तेव्हा लवंगीसुद्धा वाजली नव्हती रे. अविश्वास ठराव होता. नऊ जणांत माझ्या बाजूला मला धरून तिघंच, आणि ठरावाला सात मतं लागायची. एक जरी तिकडं गेला तरी खुर्ची गेली. म्हणून दोघांना तालुक्याला लॉजवर ठेवलेलं, मोबाईल काढून घेतलेले. मतदानाच्या सकाळी एक जण अंघोळीला गेला. अर्धा तास झाला, तरी आत पाण्याचा आवाज चालूच. मी बाहेर त्याचा टॉवेल घेऊन उभी."

सुमेध श्वास घ्यायचाच विसरला. "मग?"

"थांब, दूध बघून येते."

तो तिच्यामागे स्वयंपाकघरात पळाला. "मग काय झालं, सांग की!"

"काय होणार? खिडकीतून पळाला होता मेला."

एकशे बारा व्हिडिओंना मनातल्या मनात हात जोडून त्यानं निर्मात्याला फोन लावला. "साहेब, आठवडाभर द्या. सीन नव्यानं करतो."

"कर," आत्या गॅस बारीक करत म्हणाली. "पण बाथरूमचं दार लगेच फोडू नकोस."